हाडाला भाकरी कळत नाही, कडबा कळतो

रामकुंडात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा आहे. तिथल्या त्या जागेला अस्थिविलय तीर्थच म्हणतात. श्रद्धा आपल्या जागी राहू दे, पण हाडांवरून जुन्या माणसांचं जेवण शोधणाऱ्याची पहिली अडचण तिथेच सुरू होते. सिन्नरच्या गोंदेश्वराचे दगड घडवणारे पाथरवट काय खात होते, असा साधा प्रश्न विचारला तर उत्तर देणारं हाडच हाती लागत नाही. ते चितेवर गेलं आणि उरलेलं गोदेत.

गंमत अशी की त्याहून दोन हजार वर्षं जुनी माणसं भेटतात. ताम्रपाषाण काळातल्या जोर्वे संस्कृतीतले लोक मेलेल्यांना घराच्या जमिनीखालीच पुरायचे. लहान मुलांना मातीच्या कुंभांत, मोठ्यांना खड्ड्यात. ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिक आणि जोर्वे इथे उत्खनन केलं, पुढे नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव झालं. एकट्या इनामगावात दोनशेहून अधिक दफनं मिळाली. म्हणजे इथे ताम्रपाषाण काळातला माणूस मिळतो, यादवकाळातला मिळत नाही. मध्ययुगातलं जे काही मिळू शकतं ते दफन करणाऱ्यांचं: मुसलमान, लिंगायत, महानुभाव, समाधी घेतलेले गोसावी, आणि हिंदूंची अगदी लहान मुलं. या हाडांवरून ‘मध्ययुगीन नाशिककर असं खात होता’ असं लिहिणं म्हणजे एका आळीत जेवून गावाची पंगत सांगणं.

जळलेल्या हाडाचं काय, असं बरेच जण विचारतात. आहारासाठी ते निकामी. आपल्याला हवं असतं ते हाडातलं प्रथिन, कोलॅजेन. ते चितेच्या उष्णतेत टिकत नाही. साधारण सहा-सातशे अंशांवर तापलेलं हाड पांढरंफटक आणि ठिसूळ होतं, आणि त्याच्या खनिजात शिरलेला कार्बन बराचसा लाकडाच्या धुरातला असतो. त्यावर कार्बन मोजला तर माणसाचं जेवण मिळत नाही, सरपण मिळतं. स्ट्रॉन्शियम मात्र अशा हाडात चांगलं टिकतं, त्यावरून माणूस कुठल्या खडकाच्या प्रदेशात राहिला हे कळू शकतं. पण नाशिक, नगर, पुणे सगळीकडे तोच बेसाल्ट, त्यामुळे इथल्या इथे फिरलेल्या माणसाचा मागही नीट लागत नाही.

आता मूळ गोष्ट. कार्बनचे दोन टिकाऊ प्रकार निसर्गात असतात, १२ आणि १३. तेराचं प्रमाण शेकडा १.१ च्या आसपास. गहू, भात, सगळ्या डाळी, भाज्या, द्राक्षं या सी-३ वनस्पती. हवेतून कार्बन घेताना त्या जड कार्बनला बऱ्यापैकी बाजूला सारतात. बाजरी, ज्वारी, नागली, वरई, ऊस, मका या सी-४. त्यांची कार्बन पकडण्याची पहिली पायरी वेगळ्या एन्झाइमची असते आणि ती एवढी निवड करत नाही. म्हणून सी-३ चं सरासरी माप उणे २६.५ आणि सी-४ चं उणे १२.५ येतं. ही मापं दर हजारी असतात, एका ठरलेल्या नमुन्याशी तुलना करून काढलेली; उणे आकडा जितका मोठा, तितका जड कार्बन कमी. तो नमुना मुळात अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनाचं एक जीवाश्म होतं. खाल्लेलं अन्न कोलॅजेनपर्यंत पोचता पोचता त्यात साधारण ५ ची भर पडते. म्हणजे निव्वळ सी-३ खाणाऱ्याचं हाड उणे २१.५ दाखवेल, निव्वळ सी-४ खाणाऱ्याचं उणे ७.५. दोहोंत अंतर १४ चं. हाडात उणे १३ आलं तर ८.५ भागिले १४, म्हणजे सुमारे ६१ टक्के सी-४.

१९७७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सांगाड्यांवर याच रीतीने मका कधी आला ते दाखवलं गेलं, आणि तिथून हे शास्त्र चालू लागलं. युरोपाला ही पद्धत सोपी पडते, कारण तिथे शेतात जवळजवळ सगळं सी-३. उत्तर इटलीत मध्ययुगाच्या सुरुवातीला बाजरीच्या जातीचं बारीक धान्य खाल्लं गेलं, ते हाडात लगेच उठून दिसतं. आपल्या नाशिक जिल्ह्यात मात्र एका तालुक्यात दोन्ही. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे भात सी-३, त्याच डोंगरउतारावरची नागली आणि वरई सी-४. निफाडचा गहू सी-३, येवला-मालेगाव-सिन्नरची बाजरी सी-४. ‘पश्चिमेकडचा भातखाऊ, पूर्वेकडचा भाकरीखाऊ’ ही विभागणी हाडात शोधायला गेलात तर फसाल. त्याहून मोठी फसगत पुढे आहे.

कोलॅजेन हे प्रथिन आहे आणि ते मुख्यतः खाल्लेल्या प्रथिनातूनच बनतं. पोट कशानं भरलं हे त्याला फारसं ठाऊक नसतं. दोन ताटं मांडून बघू, आकडे ढोबळ. पहिल्यात दिवसाला ५०० ग्रॅम बाजरी आणि १०० ग्रॅम हुलगे, भाकरी आणि शेंगोळं असं समजा. बाजरीत ११ टक्के प्रथिन धरलं तर ५५ ग्रॅम, हुलग्यात २२ टक्के धरलं तर २२ ग्रॅम. वजनात बाजरी ८३ टक्के, प्रथिनात ७१ टक्के. हाड ७१ च्या बाजूनं बोलेल. दुसऱ्या ताटात ५०० ग्रॅम तांदूळ, १०० ग्रॅम डाळ आणि अर्धा लिटर म्हशीचं दूध. तांदळाचे ३५, डाळीचे २२, दुधाचे २० ग्रॅम प्रथिन. म्हैस ज्वारीच्या कडब्यावर असेल तर तिच्या दुधातला कार्बन सी-४ चा. ७७ पैकी २०, म्हणजे २६ टक्के सी-४. हाड उणे २१.५ न दाखवता उणे १७.९ च्या आसपास दाखवेल. या माणसानं आयुष्यात ज्वारीचा दाणा खाल्ला नाही, तरी अहवालात ‘आहाराचा चौथा हिस्सा ज्वारी-बाजरी’ असं छापून येईल. इंग्लंडच्या कुरणावरच्या गाईत ही भानगड नाही, म्हणून तिथल्या लेखांत तिची फारशी चर्चा नसते, आणि तिथलं कोष्टक जसंच्या तसं दख्खनला लावणाऱ्यांना ती दिसतही नाही.

उलट बाजूही आहे. ऊस सी-४ असला तरी गुळात प्रथिन नसल्यासारखंच. त्यामुळे गुळाचा खडा कोलॅजेनमध्ये जवळजवळ दिसत नाही. गूळ, भात, तेल असं सगळ्या ताटाचं माप हवं असेल तर हाडाच्या खनिजातला कार्बोनेट मोजावा लागतो. पण जमिनीतलं पाणी तो बदलून टाकतं. त्यासाठी दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कवच बरं, ते घट्ट असतं.

नायट्रोजनचं काम वेगळं. अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की नायट्रोजन-१५ चं, म्हणजे जड नायट्रोजनचं माप ३ ते ५ नं वाढतं: गवतापेक्षा बकरीचं जास्त, बकरीपेक्षा बकरी खाणाऱ्याचं जास्त. अंगावर दूध पिणारं बाळ म्हणजे आईच्या वरची पायरी, म्हणून त्याचं माप आईपेक्षा २-३ नं वर असतं आणि दूध तुटल्यावर उतरतं. इंग्लंडच्या व्हॅरम पर्सी या मध्ययुगीन खेड्यातली मुलं साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पीत होती, हे असंच कळलं.

पण इथेही शेण आडवं येतं. शेणखतातला हलका नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो, मागे जड उरतो आणि तो पिकात चढतो. भरपूर शेणखताच्या बागायती गव्हाचं माप ६ पर्यंत गेलं, तर तो खाणारा पक्का शाकाहारी माणूस १० दाखवू शकतो. डाळींची गोष्ट नेमकी उलटी. त्या हवेतला नायट्रोजन घेतात आणि हवेचं माप शून्य धरलेलं आहे, म्हणून डाळ खाणारा ४-५ च्या आसपास दिसतो. त्यात कोरड्या हवामानाच्या प्रदेशात सगळीच मापं वर सरकतात. थोडक्यात, मांस न खाणारा माणूस मांसाहारी भासू शकतो, आणि डाळीबरोबर थोडं मटण खाणारा शाकाहारी.

यावर उपाय एकच: त्याच थरातली जनावरांची हाडं. बकरी, गाय, बैल, कुत्रा. माणसाचा आकडा एकटा काही सांगत नाही, गावच्या बकरीपासून तो किती दूर आहे तेच सांगतो. म्हणून उत्खननात माणसाचा सांगाडा मिळाला की सगळे त्याच्याभोवती जमतात, पण मला विचाराल तर शेजारच्या उकिरड्यातली फेकलेली हाडं आधी पिशवीत भरायला हवीत. जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे मिळाले तर सोन्याहून पिवळं. आजच्या शेतातलं धान्य आणून तुलना करणं हा शॉर्टकट दोन कारणांनी फसतो. कोळसा-पेट्रोल जाळून आपण हवेतला कार्बन हलका केला आहे, त्यामुळे आजच्या पिकाला दीड ते दोनची भर घालावी लागते. दुसरं, युरियाचं नायट्रोजनमाप शून्याच्या जवळ असतं. युरियावरचा निफाडचा गहू यादवकाळाबद्दल काहीही बोलू शकत नाही.

प्रयोगशाळेत काय होतं ते आता सविस्तर, कारण निम्मे वाईट आकडे तिथेच जन्मतात.

आधी हाड निवडायचं. मांडीच्या हाडाचा मधला घट्ट भाग उत्तम. त्यात दहा-वीस वर्षांची सरासरी असते. बरगडी लवकर बदलते, ती शेवटची काही वर्षं सांगते. दाताचं डेंटिन, म्हणजे एनॅमलच्या आतला भाग, एकदा बनलं की बदलत नाही, तिथे बालपण गोठलेलं असतं. इंग्लंडचा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये मारला गेला. २०१२ मध्ये लेस्टरच्या एका पार्किंगखाली सापडला. त्याचे दात, मांडी आणि बरगडी यांची तुलना केल्यावर राजा झाल्यानंतरच्या शेवटच्या वर्षांत त्याचं खाणं श्रीमंती झालं, आणि बहुधा वाइनही वाढली, हे दिसलं. एका माणसाची तीन हाडं म्हणजे त्याच्या आयुष्याचे तीन तुकडे.

कापण्याआधी फोटो, मापं, वय-लिंगाची नोंद. ही तपासणी हाड संपवते, परत फिरणं नाही. अर्धा ते एक ग्रॅम पुरतो. डायमंड चकतीनं सावकाश कापायचं. केस जळल्यासारखा वास आला की समजायचं, घाई झाली आणि कोलॅजेन भाजलं. वरचा साधारण एक मिलिमीटर थर खरवडून टाकायचा. संग्रहालयातलं जुनं हाड असेल तर ते चमकतं का बघा. पूर्वी हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून त्यांवर पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट चढवायची पद्धत होती, आपल्या फेविकॉलच्याच जातीचं रसायन. त्यातला कार्बन पेट्रोलियमचा. अ‍ॅसिटोनमध्ये वारंवार भिजवून तो काढला नाही तर पुढची सगळी मेहनत डिंकाचं विश्लेषण ठरते.

मग ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि फ्रिजमध्ये ४ अंशांवर. फ्रिजवर मी अडून राहतो. मे महिन्यात नाशिकच्या चाळीस अंशांत बाकावर ठेवलेल्या नळीत आम्ल कोलॅजेनचेही तुकडे पाडतं आणि ते पाण्याबरोबर वाहून जातं. एक-दोन दिवसांनी आम्ल बदलायचं. फेस थांबला, तुकडा पारदर्शक आणि रबरासारखा लवचिक झाला, सुई टोचली तर आत कडक गाभा लागत नाही, म्हणजे खनिज गेलं. कधी तीन दिवस लागतात, कधी दहा. नंतर शुद्ध पाण्यानं उदासीन होईपर्यंत धुवायचं. तुकडा तपकिरी दिसत असेल तर जमिनीतली ह्युमिक आम्लं (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून बनणारी) शिरली आहेत, ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये वीसेक मिनिटं ठेवतात, पण त्यात कोलॅजेनही जातं, म्हणून मुळात कमी असलेल्या नमुन्याला हे न केलेलं बरं.

पुढे पीएच ३ च्या पाण्यात, बंद नळीत, ७० ते ७५ अंशांवर ४८ तास. पायाचा रस्सा थंड झाल्यावर थिजतो ना, तीच क्रिया: कोलॅजेन जिलेटिन होऊन विरघळतं, कचरा खाली बसतो. गाळायचं. बऱ्याच प्रयोगशाळा यानंतर ३० किलोडाल्टनच्या अल्ट्राफिल्टरमधून काढतात, म्हणजे लांब साखळ्या वर राहतात आणि तुटके तुकडे खाली जातात. या फिल्टरच्या पडद्यावर कारखान्यातूनच ग्लिसरीन लावलेलं असतं. तो वापरण्याआधी नीट धुतला नाही तर ग्लिसरीनचा कार्बन नमुन्यात येतो, आणि चूक कुठे झाली ते कळायला महिना जातो. शेवटी गोठवून निर्वातात वाळवायचं. चांगलं कोलॅजेन शेवरीच्या कापसासारखं पांढरं, हलकं निघतं. पिवळट, चिकट किंवा पिठासारखं निघालं तर आकडा येण्याआधीच संशय घ्यावा.

वजन करा. ताज्या हाडात सुमारे २० टक्के कोलॅजेन असतं. थंड, ओल्या देशातल्या मध्ययुगीन हाडात त्यातलं बरंचसं टिकतं. आपल्याकडे ऊन आणि पावसाळा आळीपाळीनं हाडाला शिजवतात नि धुतात. काळ्या मातीतलं हाड बाहेरून छान दिसतं, कारण खनिज टिकलेलं असतं, आणि आत एक टक्काही कोलॅजेन नसतं. एक टक्क्याखाली बहुतेक जण नमुना सोडून देतात.

साधारण अर्धा मिलिग्रॅम कथिलाच्या इवल्याशा डबीत भरून विड्यासारखी घडी घालायची. घडीत हवा राहिली तर हवेतला नायट्रोजन मोजला जातो; डबी फाटली तर नमुना यंत्रात सांडतो. हजार अंशांवर ती जळते, वायू तांब्यावरून जातात आणि आयसोटोप मास स्पेक्ट्रोमीटर मोजतो. ज्यांची मापं ठाऊक आहेत असे दोन तरी प्रमाण नमुने मधूनमधून लावायचे, आणि प्रत्येक हाड दोनदा. दोन वाचनांत ०.२ हून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

आलेला आकडा लगेच वापरायचा नाही. आधी कार्बन-नायट्रोजनचं अणुगुणोत्तर बघायचं: २.९ ते ३.६ मध्ये असेल तरच ते कोलॅजेन. ३.६ च्या वर गेलं तर ह्युमिक आम्ल, चरबी किंवा तो जुना डिंक. कुठलाही अहवाल वाचताना मी आधी हा रकाना शोधतो. तो नसेल तर बाकीचा आहार वाचण्यात अर्थ नाही.

एवढं जमलं की किती बारकाईनं बोलता येतं ते बघा. ग्रीनलंडच्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंग वंशाच्या लोकांच्या वसाहतीत समुद्रातल्या अन्नाचा वाटा सुरुवातीला २० टक्क्यांच्या आसपास होता, शेवटी ८० च्या आसपास गेला. शेती-गुरं हातची गेली आणि माणसं सीलवर आली. उत्तर इंग्लंडमध्ये मध्ययुगाच्या उत्तरार्धात नायट्रोजन चढलेला दिसतो आणि कार्बन मात्र फारसा हलत नाही. त्याचं एक स्पष्टीकरण ख्रिस्ती उपवासाच्या दिवशीचे मासे. उपवासानं हाड बदलतं ही कल्पना आपल्याला पटायला हरकत नाही. एकादशीला भात सोडून भगर खाल्ली तर तेवढा सी-४ वाढतो. आजचा साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद आणि शेंगदाणा दोन्ही मूळचे अमेरिकेचे, ते यादवांच्या उपवासाला नव्हते. पण महिन्यातले दोन दिवस दहा-वीस वर्षांच्या सरासरीत ठळक उमटतील असं वाटत नाही.

दुष्काळ मात्र उमटू शकतो, हाडात नाही तरी दातात. डेंटिन मुळाच्या दिशेनं थरांनी वाढतं. त्याच्या एकेक मिलिमीटरच्या चकत्या कापल्या तर वर्ष किंवा त्याहून कमी काळाचं एकेक माप मिळतं. उपाशी शरीर स्वतःचेच स्नायू खातं, म्हणून नायट्रोजन चढतो. आयर्लंडमधल्या किल्केनीच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे सरकारी गरीबखान्यात, १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात मेलेल्या मुलांच्या दातांत हे दिसलं, आणि मदतीला आलेल्या मक्याचा सी-४ ठसाही दिसला. दख्खनमध्ये १३९६ पासून बारा वर्षं चाललेला म्हणतात तो दुर्गादेवीचा दुष्काळ असाच तपासता येईल. त्यासाठी त्या काळात दात येत असलेल्या, नंतर जगलेल्या आणि पुरलेल्या माणसाची एक दाढ लागेल. नायट्रोजन चढताना त्याच चकतीत कार्बन सी-४ कडून सी-३ कडे सरकला, तर बाजरी संपून लोक रानातली कंदमुळं आणि पालेभाज्या खाऊ लागले, असं म्हणायला जागा होईल.

जुन्या नाशकात पाया खणताना हाडं निघाली तर: काम थांबवून पोलिसांना आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. खात्याचा माणूस येईपर्यंत हाड हलवू नका, धुऊ नका, उन्हात वाळवू नका, डिंक-वार्निश काही लावू नका. झाकायचं असेल तर सुती कापड टाका; ओल्या हाडावर प्लास्टिक गुंडाळलं की दोन दिवसांत बुरशी धरते आणि बुरशी कोलॅजेनच खाते. जमिनीपासूनची खोली मोजून लिहून ठेवा. आणि बाजूला बकरीचा जबडा पडलेला दिसला तर तो कचरा म्हणून ढिगाऱ्यावर फेकू देऊ नका.